ही जोड लावली कुणी?

परत स्टेटसला तेच! "वय हा फक्त आकडा असतो." अरे खुळ्या, ज्याच्या जबड्यावर ठोसा बसणाराय त्याला जाऊन विचार की!

मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर बॉक्सिंगमध्ये म्हाताऱ्यांना तरण्या पोरांसमोर उभं करायचा हा विषय निघाला की माझं डोकंच फिरतं. २०२४ च्या नोव्हेंबरात बॉक्सर माइक टायसन ५८ चा आणि समोर जेक पॉल २७ चा. शनिवारी सकाळी सगळी जनता मोबाईलला चिकटलेली, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. बघायला काय मिळालं? आठ राऊंड, तेबी दोन-दोन मिनिटांचे, आणि त्यात टायसनचे लागलेले ठोसे १८. ह्याला लढत म्हणायचं?

मग कुणीतरी शहाणा बॉक्सर जॉर्ज फोरमनचं नाव काढतो. हो, १९९४ ला ४५ व्या वर्षी त्यानं २६ वर्षांच्या मूररला झोपवला. मान्य. पण तोवर तिन्ही पंचांच्या हिशोबात तो मागं होता, हे कोण सांगणार? अशी नावं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यांच्या जिवावर बाकीच्यांना मार खायला उभं करायचं.

मुहम्मद अलीचं नाव मात्र कुणी काढत नाही. २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास. अली ३८ चा, होम्स ३० चा, आणि होम्स म्हणजे अलीच्याच सरावातला जुना गडी. लढतीआधी मेयो क्लिनिक ह्या अमेरिकेतल्या दवाखान्यात अलीची तपासणी झाली. स्वतःच्या नाकाला बोट लावताना अलीचा नेम किंचित चुकत होता. नाकाला, भावा! तरी लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडानं लढायचा परवाना दिला. पुढं दहा राऊंड नुसता मार, पंचांनी एकबी राऊंड अलीला दिला नाही. शेवटी त्याच्याच कोपऱ्यातनं त्याचा प्रशिक्षक डंडीनं लढत थांबवली. जो लुईचं तर त्याहून वाईट. डोक्यावर कराचं कर्ज, म्हणून ३७ व्या वर्षी २८ च्या मार्सियानोसमोर उभा राहिला आणि आठव्या राऊंडला दोरांतनं बाहेर पडला.

खासबागेच्या कुस्ती मैदानात अशी जोड लावून बघा. वस्ताद आधी वय, वजन, ताकद बघतो, आणि तरी जोड चुकली तर पब्लिक गप बसत नाही. ह्या बॉक्सिंगवाल्यांकडं वजन काट्यावर तोलून घेतात, वयाचं मात्र पोस्टर छापतात!

म्हाताऱ्यांनी लढूच नये असं मी म्हणत नाही. हौस आहे ना? मग आपल्या वयाचा गडी घ्या. आणि वर येणाऱ्या पोराला तरी ह्यात काय मिळतं? जिंकला तर "म्हाताऱ्याला मारलं", हरला तर जन्माची नाचक्की. तिकिटं विकणारा तेवढा दोन्हीकडनं खातो.

पुढची असली घोषणा झाली की मला लिंक पाठवू नका. सरळ ग्रुप सोडीन.