ट्रिपला जाताना ग्रुपात एक शेतकरी असू द्या

दिवाळीनंतर आम्ही दहावीच्या बॅचचे सहा जण व्हिएतनामला जाऊन आलो. फोटो बऱ्याच जणांनी पाहिले, 'खर्च किती आला' हे विचारणारे मेसेज अजून चालूच आहेत. ते इनबॉक्समध्ये सांगतो. इथं वेगळंच सांगायचंय.

सहापैकी पाच नोकरीवाले. सहावा अंबड तालुक्यातला मोसंबीवाला, त्याला आम्ही शाळेपासून 'मालक' म्हणतो. तो येतो म्हणाला तेव्हा ग्रुपवर एकानं लिहिलं, "याला मोसंबीशिवाय तिकडं काय कळणार?" त्यावर हसणारी इमोजी टाकणाऱ्यांत मीही होतो. आधीच कबूल केलेलं बरं.

हनोईहून अडीच-तीन तास बसनं 'हा लाँग' नावाच्या खाडीच्या धक्क्यावर आणि तिथून बोट. पैठणच्या नाथसागर धरणापलीकडं फारसं पाणी न पाहिलेला माणूस मी. इथं हिरवट, थंड, लाट नसलेला समुद्र आणि त्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर, हजाराच्या वर. त्यांच्या २ लाख डाँगच्या नोटेवर मागं हेच चित्र आहे. ती नोट समोर धरून फोटो काढायचा रिवाज आहे, तो आम्हीही पाळला. १९९४ सालापासून जागतिक वारसा यादीत आहे वगैरे माहिती आमच्यातल्या 'देश मोजणाऱ्या' मित्रानं विमानातच वाचून दाखवली होती. त्याचा हा अकरावा देश. बोटीवर तो पूर्ण वेळ नेटवर्क शोधत होता.

मालक मात्र कठड्याला धरून गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ह्यांना खालून कुणी कुरतडलंय रे?"

तेव्हा आम्ही बघितलं. प्रत्येक डोंगर पाण्याच्या रेषेवर आत खचलेला, जणू कमरेला करदोटा आवळलाय. गाइडनं सांगितलं, समुद्राचं पाणी आणि दगडाला चिकटून राहणारे जीव तिथंच सतत दगड खातात. पायथा फार खाल्ला गेला की वरचा कडा कोसळतो, म्हणून हे डोंगर असे ताठ.

जेवणात कालवं आली. शाकाहारी दोघांनी तोंडं फिरवली. मालकानं कालव खाल्लं, शिंपला पुसला आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. म्हणाला, "मातीवर ॲसिडचा थेंब टाकल्यावर असंच फसफसतं. चुना हाय ह्यो. आन् समोरचे डोंगर बी ह्याचंच." गाइड मान डोलवत राहिला. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले, प्रवाळ यांचा गाळ साचत गेला, दाबला गेला, त्याचा हा दगड. हे मी सातवी-आठवीत पाठ केलं असणार. पण लिंबू पिळेपर्यंत ते माझ्यासाठी भूगोलाचे दोन मार्कच होते.

मालकाची आणि चुनखडीची ओळख जुनी, वैराची. जमिनीत चुनखडी दहा टक्क्यांच्या वर गेली की तिथं मोसंबी लावू नका म्हणतात. मुळांना लोह मिळत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याची अर्धी बाग २०१२-१३च्या दुष्काळात वाळली. जी उरली, तिच्यातल्या एका पट्ट्याशी तो अजून भांडतोय. पाच हजार रुपयांचा बूट घालून वैऱ्याच्या घरी पाहुणा आला होता बिचारा.

मग सुंग सोत गुहा. पायऱ्या चढून वर गेलं की आधी एक दालन आणि त्याच्या पुढं दुसरं, इतकं मोठं की आमच्या बडबड्या मित्राचाही आवाज बसला. छतातून लोंबणारे दगड, खालून वर आलेले दगड. आणि त्यांच्यावर हिरवे, गुलाबी, जांभळे दिवे! माझं स्पष्ट मत आहे, हे दिवे काढून टाकावेत. लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई करायला त्या दगडानं काय पाप केलंय? त्यात गाइड लोकांची सवय. हा हत्ती बघा, हे कासव बघा (कासवावर नोटा ठेवलेल्या), आणि एक गुलाबी दिव्यातला दगड दाखवून डोळा मारतात, तो काय आहे ते इथं लिहीत नाही. घरचे लोक पोस्ट वाचतात.

मालक हत्ती बघायला थांबलाच नाही. एका टोकाला थेंब धरला होता, तो पडेपर्यंत उभा राहिला. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून येताना किंचित आंबट होतं, चुना विरघळवत भेगांतून उतरतं आणि टोकाशी आल्यावर त्यातला कणभर चुना मागं सोडतं. हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाशी हेच होतं. म्हणून वर्षातून एकदा ॲसिड सोडावं लागतं लाइनीत." माझा तोरा तिथंच संपला.

बाहेर येताना मी वेरूळचा विषय काढला. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर ३४ लेणी. तो म्हणाला, "आपला काळा दगड असा पाण्यानं विरघळत न्हाई. त्याला छिन्नीच लागती." कैलास लेणं मी वीसेक वेळा पाहुण्यांना दाखवलंय, पण कशात कोरलंय याचा विचार कधी केला नव्हता. शिवाय इथं वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडं सातशे पडला तरी पेढे वाटायचे.

लाइफ जॅकेटचंही सांगतो. बांबूच्या होडीतून आम्हाला लुओन गुहेच्या बुटक्या कमानीखालून आतल्या तळ्यात नेलं, चारी बाजूंनी कडे, वर आभाळाचा तुकडा. फोटोसाठी दोघांनी जॅकेट काढलं. जुलै २०२५मध्ये याच खाडीत वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसच्या वर माणसं गेली होती, तरीही. मालक ओरडला, "इहिरीत पोहणारे समुद्रात शानपना करू नगा." दोघांनी मुकाट्यानं घातलं.

तर माझं म्हणणं असं. अकरा देश केलेला मित्र सोबत असला की तिकीट स्वस्त मिळतं, हॉटेल चांगलं मिळतं. बघायला मात्र जमिनीत हात घातलेला माणूस लागतो. त्याला कामं टाकून यायला जमत नाही, पैशाचीही ओढाताण असते. आम्ही पुढच्या वेळी तारखा त्याच्या मोसंबीच्या मृगबहाराची तोड (म्हणजे फळांची काढणी) बघून ठरवणार आहोत, हे ग्रुपवर पास झालंय.

परवा त्याच्या मळ्यात गेलो होतो. विहिरीच्या काठावर उभं करून त्यानं आत बोट दाखवलं. काळ्या मातीखाली हातभर पांढरा थर.

"ह्यो बग, आपला हा लाँग," म्हणाला, आणि मोटार चालू करायला गेला.