ज्याचा फोटो काढला, त्याच्या घरी तो पोचायलाच हवा

फ्रीलान्स फोटोग्राफीत कुठल्या आठवड्यात काय वाट्याला येईल याचा नेम नसतो. कधी मुंबईच्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कंपनीत साहेबांचे पोर्ट्रेट, कधी दादरला साखरपुडा, कधी एखाद्या संस्थेच्या अहवालासाठी चाळीत शूट. साहेबांना आणि नवरा-नवरीला त्यांचे फोटो मिळतात, तेही हवे तसे एडिट करून. चाळीतल्या माणसांना बहुतेक वेळा एकही फोटो मिळत नाही. हे मला अजिबात पटत नाही.

कायदाही त्यांच्या बाजूने नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला, तर त्या फोटोचा पहिला हक्कदार तो पैसे देणाराच. वेगळा करार नसेल तर खुद्द फोटोग्राफरकडेही तो हक्क राहत नाही, मग फोटोतल्या माणसाला कोण विचारतो? पण वेगळा करार करायला त्याच कलमाने वाव ठेवलाय, आणि तो आपण वापरत नाही.

कुलाब्याचं ससून डॉक, जिथे रोज मासळी उतरते, १८७५ पासून आहे. पहाटे तिथे कोळंबी सोलत बसलेल्या बायकांचे किती फोटो आजवर निघाले असतील! अहवालात, मासिकात, प्रदर्शनात. त्या बायकांच्या घरी यातला एक तरी असेल का? तिथल्या एका मावशींनी मला सरळ विचारलं होतं, "दरवेळी नवीन माणूस येतो, फोटो काढतो. जातात कुठे हे सगळे?"

लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांतही तेच. डोळ्यांची आखणी करणारे काका अख्खी रात्र मूर्तीसमोर बसतात. सकाळी फोटो छापून येतो तो मूर्तीचा, आणि काका त्यात असलेच तर खाली फक्त 'मूर्तिकार' एवढंच. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले, याची हळहळ आपण फोटोग्राफर आजही करतो. ती योग्यच आहे. मग आपल्या फोटोतल्या माणसाचं नाव विचारून लिहायला किती वेळ लागतो?

बीडीडी चाळींचं काम मला सगळ्यात जवळचं. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी, १६० चौरस फुटांची खोली. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, आणि त्याचा आनंद मी तिथे पाहिलाय. पण खोली सोडायच्या आधी प्रत्येकाला तिचा एक फोटो हवा होता. एका आजींनी मला दारातून मागे सरकायला लावलं, कारण "गॅलरी यायला पाहिजे गं, आम्ही अर्धं आयुष्य तिथेच काढलंय." नंतर मी प्रिंट घेऊन गेले तेव्हा त्या भाड्याच्या घरात राहत होत्या. त्यांनी चष्मा लावून मोरी पाहिली, पोटमाळा पाहिला, भिंतीवरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बंद होतं ते. यातही बंदच आहे." मग सुनेला हाक मारून तिलाही एकेक वस्तू दाखवत बसल्या.

व्हॉट्सॲपवर पाठवलं की झालं, असं काही मित्र म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. बऱ्याच घरांत चांगला फोन मुलाकडे असतो, तो बदलला की फोटोही जातात. छोट्या प्रिंटला एका चहा-वडापावपेक्षा जास्त खर्च येत नाही. अहवाल छापून येण्याआधी फोटो बाहेर जाऊ नये ही क्लायंटची काळजी रास्त आहे, तर छापून आल्यावर द्या. पत्ता आणि नाव मात्र शूटच्याच दिवशी वहीत लिहून घ्या, नंतर माणूस सापडत नाही. विशेषतः जिथे घरं रिकामी होताहेत तिथे.

या गणपतीच्या बुकिंगपासून माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ असेल: फोटोतल्या व्यक्तीला तिच्या फोटोची एक प्रिंट दिली जाईल, आणि तिची हरकत नसेल तर फोटोखाली तिचं नाव छापलं जाईल. प्रिंटचा खर्च माझ्या फीमध्येच धरलेला आहे. ज्या क्लायंटना ही ओळ चालणार नसेल, त्यांनी तारीख ठरवण्याआधीच मला तसं सांगावं.