शिकरण आणि सातेरी

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी करीत राहावे, आणि शक्यतो ते घराबाहेर करावे, असे आमच्या साताऱ्यात घरच्या मंडळींना फार वाटते. त्यामुळे मधमाशीपालनाच्या प्राथमिक वर्गाला मी नाव घातले तेव्हा सौ.ने चक्क फी दिली. शिवाय महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरलेले असताना त्याच जिल्ह्यातल्या माणसाने माशी दिसताच पंखा लावावा, हे मलाही बरे वाटेना.

वर्गात मी हुशार ठरलो. आग्या आणि फुलोरी या जातीच्या मधमाश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात, म्हणून त्या पेटीत नांदत नाहीत. सातेरी जातीची माशी मात्र झाडाच्या अंधाऱ्या ढोलीत शेजारी शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणून तिला पेटीतल्या चौकटी आपल्याशा वाटतात, हे मी न अडखळता सांगत असे. अंड्यापासून राणी साधारण 16 दिवसांत तयार होते, कामकरी माशी विसेक आणि नर चोवीसेक दिवसांत. ज्याला पुढे मध गोळा करायचा नाही, त्यालाच तयार व्हायला सर्वांत जास्त दिवस लागतात, हे सांगताना सर माझ्याकडे का पाहत होते, ते मला अजून कळलेले नाही.

मार्चमध्ये जांभळाला मोहोर आला आणि आमची पहिली सहल मेढ्याच्या पुढच्या एका गावी निघाली. सकाळी सौ.ने शुभकार्य म्हणून शिकरण-पोळी वाढली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

पेटीच्या स्टँडचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत उभे होते आणि माझे पाय त्यांच्याइतकेच स्थिर असावेत, अशी सरांची अपेक्षा होती. धुराड्याचा धूर दिला की माश्यांना आग लागल्यासारखे वाटते, त्या घाईघाईने पोटभर मध पितात आणि मग शांत राहतात, हे मला पाठ होते. परंतु हे त्या पेटीतल्या प्रत्येक माशीला पाठ असेलच, याची खात्री वर्गात कोणी दिली नव्हती. जाळीच्या बुरख्याआड श्वासाने चष्म्यावर वाफ जमली. दहावीतल्या एका मुलीने क्षणात राणी दाखवली. मी मात्र जिला ‘राणीसाहेब’ म्हणून नमस्कार केला, तो एक गलेलठ्ठ नर निघाला. नमस्कारासाठी हात वर गेले तेव्हा बुरख्याची कड उचलली गेली असावी, कारण पुढच्याच क्षणी एक कामकरी माझ्या नाकाशेजारी होती.

“काका, हलू नका!” सर ओरडले. मी हललो.

डंखाचा काटा लगेच काढावा, उशीर झाला तर विष आत जात राहते, हेही मला येत होते. फक्त ते मला सांगता येत होते, करता आले नाही. तोवर आणखी दोघी आल्या. तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्यांना वर्दी जाते. म्हणूनच सांगितले होते, येताना केळे खाऊ नका.”

हे वाक्य माझ्या वहीत तांबड्या शाईने अधोरेखित केलेले आहे. पण त्यात केळे म्हटले होते. शिकरणाचा उल्लेख नव्हता.

संध्याकाळी सुजलेले नाक पाहून सौ.ने दोष दुधाला दिला. पुढच्या प्रत्येक सहलीला मात्र पेटी उघडण्यापूर्वी सर सगळ्या वर्गाला विचारतात, “शिकरण कोणी खाल्ले आहे का?” आणि सगळा वर्ग माझ्याकडे पाहतो.