सत्तावीस की बहात्तर? ‘बी.एड.ला एक गाइड पुरे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. सारांश असा: बी.एड.ला अभ्यासक्रमाचं नियोजन आणि पुस्तकांची निवड यात वेळ घालवू नका. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतं. विद्यापीठाने सगळं छापून दिलेलं असताना प्राध्यापकांनी ठरवायचं काय? राज्यभर पेपरागणिक एकच पुस्तक लावा, नाहीतरी सगळे गाइडच वाचतात. मी अध्यापक महाविद्यालयात शिकवते. माझ्याच जुन्या छात्राध्यापकांनी, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी, हा मजकूर ‘पटलं’ म्हणून मला पाठवला, त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतं.’ दुसरीतल्या मुलीला सत्तावीस लिहायला सांगितलं आणि तिने ७२ लिहिलं, असं समजा. एम.एस्सी. गणित झालेल्या छात्राध्यापकाला उत्तर चुकलंय एवढं नक्की दिसेल. का चुकलं, हे त्याच्या पदवीत कुठेच नव्हतं. मराठीत आपण एकक आधी उच्चारतो: सत्ता, मग वीस. लिहिताना मात्र दशक आधी. तिने ज्या क्रमाने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड, कानावर तीस पडतं आणि पाटीवर २९ उमटायला हवेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर त्यामागचं कारण पुनःपुन्हा समजावून सांगत होत्या. तो बदल हवा होता की नको, यावर मतभेद असू द्यात. पण त्या दिवसांत मला भेटलेल्या कितीतरी शिक्षकांना मुलांची अडचण नेमकी काय आहे हेच माहीत नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. आम्हीच त्यांना घडवलं होतं.

विषय येणं आणि तो मुलाच्या डोक्यात कसा उतरतो हे कळणं, हे दोन वेगळे अभ्यास आहेत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली हा फरक ठळकपणे मांडला. आपल्याकडे ‘आशययुक्त अध्यापन’, म्हणजे विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची पद्धत यांची सांगड, हा शब्द तर कधीचा रुळलेला आहे. आणि पुस्तकाची निवड का करायची, याचं उत्तरही इथेच आहे. इंग्रजीत सत्तावीस म्हणताना वीस आधी येतात. त्यामुळे इंग्रजीवरून जसंच्या तसं उतरवलेलं पद्धतिशास्त्राचं पुस्तक कितीही जाडजूड असलं, तरी सत्तावीसचे बहात्तर का होतात हे त्यात सापडणं कठीण. म्हणून मी गणित अध्यापनाचं कुठलंही मराठी पुस्तक हातात घेतलं की आधी संख्याज्ञानाचं प्रकरण उघडते.

‘विद्यापीठाने ठरवून दिलंय.’ विद्यापीठ घटक आणि गुण देतं. कोणता घटक शाळेत जाण्याआधी, कोणता परतल्यावर, कशावर चार तास आणि कशावर चौदा, हे आम्हालाच ठरवावं लागतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या निकषांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले २० आठवडे शाळेसाठी ठेवले, पैकी १६ दुसऱ्या वर्षात. त्याआधी २०१२ साली शिक्षक-प्रशिक्षणाविषयीच्या न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल आला होता, आणि तो आयोग नेमण्याचं निमित्त होतं आपल्याच राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद. एवढं रामायण होऊन मिळालेले हे आठवडे आहेत. मूल्यमापनाचा घटक आंतरवासितेनंतर, म्हणजे शाळेतल्या या आठवड्यांनंतर, ठेवला, तर छात्राध्यापक तिथे वह्या तपासतो म्हणजे लाल शाईने फुल्या मारतो.

‘राज्यभर एकच पुस्तक.’ शाळेत बालभारती चालते मग इथे का नको, असा युक्तिवाद ऐकला. बालभारतीचं पुस्तक तपासून, त्यातलं काय आपल्या वर्गाला लागू पडतं हे ओळखणारा माणूस आपण तयार करतो आहोत. एकाच पुस्तकावर वाढलेल्याला दोन पुस्तकांतला फरक कसा दिसणार? मेळघाटात कोरकू बोलणारी, धडगावला पावरी बोलणारी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं पहिलीत येतात. तिथल्या भावी शिक्षकाचं भाषेवरचं वाचन पुण्यातल्यासारखंच कसं असेल? शिवाय पुस्तकं शिळी होतात. समावेशक शिक्षणाचं पुस्तक घ्या आणि अपंगत्वाचे प्रकार मोजा. सात असतील तर ते १९९५च्या कायद्यावर थांबलंय. २०१६च्या कायद्यात ते २१ आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचता-लिहिताना अडखळणारं आपल्या वर्गातलं मूल, त्या जुन्या यादीत नव्हतंच. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. पुस्तक एकदाच ठरवून टाकलं की ती कोण करणार?

आता गाइड. इथे मी अर्धं मान्य करते. माझ्या वर्गातली अनेक मुलं-मुली एसटीने दीड-दोन तास प्रवास करून येतात, काही संध्याकाळी काम करतात. त्यांच्यापुढे चाळीस संदर्भग्रंथांची यादी टाकायची, त्यातले तीस इंग्रजी आणि ग्रंथालयात नसलेले, यात दोष आमचा आहे. त्या यादीला कंटाळून ती गाइडकडे जातात. पण बी.एड.ला पाठ्य वाचून त्यावर चिंतन करण्याचा एक स्वतंत्र अभ्यासक्रमच आहे, आणि त्याचंही गाइड मी पाहिलंय! दुसऱ्याने केलेलं चिंतन पाठ करून शिक्षक होणाऱ्याच्या हाती पस्तीस-चाळीस मुलं द्यायची, हे मला सहन होत नाही.

यादी लहान करता येते. शिक्षणहक्क कायद्याचा मूळ मजकूर, एखाद्या चांगल्या मराठी पुस्तकातली दोन प्रकरणं, आणि बालभारतीची शालेय पुस्तकं, जी पीडीएफ रूपात फुकट मिळतात. येत्या सत्रात गणित अध्यापनाच्या पहिल्या आठवड्याचं वाचन मी ठरवलंय: दुसरीचं गणिताचं पुस्तक आणि जवळच्या शाळेतून आणलेल्या दहा वह्या. चुका मोजायच्या नाहीत. प्रत्येक चुकीसमोर, मुलाने असं का लिहिलं असेल, ते एका ओळीत लिहायचं.