झाकण उघडलं, पुढे काय?

तुमच्या लेखात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या, हात जवळ नेला की आपोआप झाकण उघडणाऱ्या 'स्मार्ट डस्टबिन'चं भारीच कौतुक केलंय. अहो, हात ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, झाकण उचलणारी सर्वो मोटर आणि त्यांना चालवणारं अर्डुइनो हे छोटं सर्किट बोर्ड जोडलं की झाकण उघडतंच! तयार किट मिळतं, कोड नेटवरून उतरवता येतो. परीक्षकांनी एक वायर काढून मुलाला परत लावायला सांगावी, प्रोजेक्ट त्याचा की पप्पांचा ते लगेच कळेल.

पैशाचं रडगाणं आता नको. शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे मुलांच्या प्रयोगशाळेला, केंद्र सरकारचं २० लाखांपर्यंत अनुदान आहे, विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठीच्या 'इन्स्पायर मानक' या सरकारी योजनेत निवडलेल्या मुलाला १० हजार मिळतात. पण हाताने काम करायला वेळापत्रकात तास किती?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम ही हाताने काम करत शिकवणारी संस्था काढली. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, अगदी रक्तगट तपासणीसुद्धा शिकतात, आणि तीही गावाला लागणारी कामं करता करता. अशा मुलांनी वेल्डिंग केलेलं शाळेचं गेट प्रदर्शनाच्या टेबलावर मावत नाही, म्हणून त्याला नंबरही नाही. पुढचा लेख त्यांच्यावर लिहा की!