कम्युनिकेशन: १० पैकी ४

आज दुपारी जेवायच्या सुट्टीत एचआरची मेल आली. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी ज्या मुलाचं नाव मी दिलं होतं, तो 'होल्ड'वर. ऑफर गेली दुसऱ्याला. होल्ड म्हणजे काय हे नोकरी शोधलेल्या कुणालाही सांगायला नको. कारणाच्या रकान्यात एक ओळ होती, कम्युनिकेशन पुअर, नॉट प्रेझेंटेबल. डबा तसाच मिटला मी.

आता सगळं सांगते, कारण आतल्या आत चडफडत बसण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं. नवरा म्हणतोय टाकू नकोस, ऑफिसातलं कोणीतरी वाचेल. वाचू दे.

आमचं काम टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं. पिना, बुशा, शाफ्ट. क्वालिटीला माणूस घ्यायचा तर मी मुलाखतीत एक पीन, तिचं ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर समोर ठेवते आणि म्हणते, मोजा. ड्रॉइंगवर असतं १२ एच ७. म्हणजे व्यास बारा मिलिमीटर, वर एक कणही नाही, खाली अठरा मायक्रॉन चालतील. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले अठरा.

हा मुलगा बीड जिल्ह्यातल्या केजकडचा. सरकारी तंत्रनिकेतनचा डिप्लोमा, इस्त्री केलेला पण कॉलर विरलेला शर्ट. त्याने मायक्रोमीटर उचलला आणि आधी माझ्याकडे एक कोरा कागद मागितला. त्याची पट्टी फाडून दोन तोंडांमध्ये हलकी धरली आणि ओढून काढली. तोंडं पुसली गेली. मग रिकामा मिटवून शून्य जुळतंय का पाहिलं. मग पीन पुसली. रॅचेटने, म्हणजे ठरावीक दाब आला की कटकट करून सुटणाऱ्या टोकाच्या मुठीने मोजलं, पीन पाव फेरा फिरवून पुन्हा मोजलं, टोकाला मोजलं, मध्ये मोजलं. आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हा शंभरावा भाग दाखवतोय. अठरा मायक्रॉनला हा पुरायचा नाही. हजारावा दाखवणारा आहे का?"

मी मुद्दामच तो ठेवला होता हो! त्या दिवशी आलेल्यांपैकी दुसऱ्या कोणीच हे विचारलं नाही. मला तर तिथेच उठून त्याला खाली मशीनवर घेऊन जावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात आमच्या साहेबांनी तोंड उघडलं. "पूर्ण नाव काय म्हणालात?" बायोडेटा समोर पडलेला. त्याने सांगितलं. "मूळचे कुठले?" केज तालुका. "केजमध्ये कुठे?" गाव सांगितलं. "वस्तीवर की गावात?" वडील काय करतात, शेती स्वतःची आहे का. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे प्रश्न कशासाठी विचारतात ते मी समजावून सांगायचं का? त्या मुलालाही कळत होतं. दोन मिनिटांपूर्वी माझ्या डोळ्यात बघून बोलणारा पोरगा टेबलाच्या कडेकडे बघून उत्तरं द्यायला लागला. त्यानंतर साहेब इंग्रजीत म्हणाले, टेल मी अबाउट युवरसेल्फ. अडखळला. अडखळणारच. त्याच्याबद्दल जे विचारायचं होतं ते तर विचारून झालं होतं!

ज्याला ऑफर गेली त्याचंही ऐका. पुण्यातलं खासगी कॉलेज, ब्लेझर, हस्तांदोलन झकास. मायक्रोमीटरचं रॅचेट कशाला असतं ते त्याला माहीत नसावं, थिंबल, म्हणजे फिरवायची मोठी नळी, तीच धरून करकचून आवळला. वाचन आलं ११.९७. म्हणाला, "अंडरसाइज आहे, रिजेक्ट." पीन चांगली होती. चांगला जॉब, म्हणजे तयार नग, पूर्ण आत्मविश्वासाने भंगारात काढला पठ्ठ्याने, आणि तेही इंग्रजीत.

फॉर्म असा. टेक्निकल १०, कम्युनिकेशन १०, पर्सनॅलिटी १०, अ‍ॅटिट्यूड १०. केजवाल्याला टेक्निकलमध्ये ९, पुढे ४, ४, ६. बेरीज २३. दुसऱ्याला ५, ९, ९, ८. बेरीज ३१. चाळीसपैकी तीस मार्क 'आम्हाला कसा वाटला' याचे. आणि वर ऐकवतात की मॅडम, मेरिटवर झालंय.

ऑटोमोबाइलला माल देणाऱ्या कंपन्यांमध्ये एक शिस्त असते. मोजमापावर विश्वास ठेवण्याआधी मोजणाऱ्यालाच तपासतात. दहा जॉब घ्यायचे, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायचा, आधीचं वाचन न बघता. एकाच जॉबचं वाचन माणसागणिक किंवा दर वेळी फार बदललं, मोजणीतलाच हा फरक ड्रॉइंगवर चालणाऱ्या फरकाच्या तीस टक्क्यांच्या वर गेला, की ती मोजणी बाद. यालाच आम्ही गेज आर अँड आर म्हणतो. ऑडिटर आला की पहिली हीच फाइल मागतो, नसली तर घाम फुटतो सगळ्यांना. आणि ज्या तिघांनी त्या खोलीत बसून एका मुलाचं पुढचं वर्ष ठरवलं, त्यांची आर अँड आर कोणी काढली? तोच मुलगा ब्लेझर घालून, आडनाव न सांगता आला असता तर साहेबांचं वाचन काय आलं असतं? चाळीस रुपयांच्या पिनेला आम्ही जो न्याय देतो तो माणसाला देत नाही.

आडनावाचं मी माझ्या मनाचं बोलत नाहीये. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी हे करून बघितलं होतं. खासगी कंपन्यांच्या पेपरातल्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, आडनावं तेवढी वेगळी. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. हे २००७ साली छापून आलंय. थोरात आपल्या अमरावतीकडचे, तेव्हा यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पण आमच्याकडे विचारा, सगळे म्हणतील आम्ही जात मानत नाही बुवा. मग गाव कशाला विचारता, कंपनीची बस सोडणार होतात का केजला?

हो, इंग्रजी लागतं. कस्टमरची तक्रार आली की आठ पायऱ्यांचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, मान्य. सहा महिन्यांत येतं ते. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना आलंय. शून्य बघायची सवय मात्र सहा महिन्यांत लागत नाही, आणि ज्याला ती कॉलेजातच लागलीये त्याला आपण दारातून परत पाठवतो.

त्याच दिवशी एक मुलगीही आली होती, चांगली होती. तिला काय विचारलं ते तुम्ही ओळखलंच असेल. लग्न कधी, सासर कुठे असेल, सेकंड शिफ्टला घरचे पाठवतील का. सेकंड शिफ्टचं बायोडेटात तिने स्वतःच लिहिलं होतं की चालेल. साहेब नंतर हळूच म्हणाले, उद्या सव्वीस आठवड्यांची रजा कोण देणार? २०१७ ला प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, तेव्हा आम्ही बायकांनी पेढे वाटले होते. कायदा आहे तो, उपकार नाहीत. पण खासगीत कोण विचारतो? संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं. एमआयडीसीच्या गेटवर त्याची हद्द संपते.

सरकारचंच बघा. १५ ऑगस्ट २०१५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले की लहान नोकऱ्यांना मुलाखत कशाला, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने गट क आणि गट ब अराजपत्रितच्या मुलाखती बंद केल्या. वशिल्याचं एक दार तरी लागलं. आता म्हणाल लेखी परीक्षेचे पेपर फुटतात. फुटतात, २०२१ ची आरोग्य भरती कोण विसरेल. पण पेपर फुटला तर निदान गुन्हा दाखल होतो. 'नॉट प्रेझेंटेबल' लिहिलं म्हणून कुणावर झालाय?

मघाशी रागात एचआरच्या मुलीला फोन करून खूप बोलले. तिचा आवाज बारीक झाला. पंचविशीची पोर, स्वतः बारामतीहून आलेली, खोलीत तिघी राहतात. म्हणाली, "मॅडम, सरांनी आकडे सांगितले, मी भरले. मला पण पहिल्या मुलाखतीत हसले होते." मग मी काय बोलणार. तिला ओरडून काय होणार होतं.

उद्या मीटिंग लावलीये. मागणं फार नाही. आधी प्रात्यक्षिक, त्याचे मार्क लगेच कागदावर, सही, पाकीट बंद. प्रात्यक्षिक घेणाऱ्याला नाव कळणार नाही, फक्त नंबर. नंतर गप्पा काय मारायच्या त्या मारा, पण सगळ्यांना तेच प्रश्न. गाव, वडील, लग्न बंद. आणि टेक्निकलला चाळीसपैकी पंचवीस. साहेब म्हणतील, मॅडम, तुम्ही फार इमोशनल होता. चार कॉलममध्ये तोंडं बघून मार्क वाटतात ते प्रॅक्टिकल आणि मी इमोशनल!

उद्या काही झालं नाही तरी आज एक होऊ शकतं. चाकण, रांजणगाव, भोसरी, कुठेही कुणाला क्वालिटीला माणूस हवा असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. त्या मुलाला विचारून नंबर देते. शिफ्ट कुठलीही चालेल म्हणालाय, राहायची सोय स्वतः बघेल. पगार मात्र नीट द्या. ट्रेनी म्हणून दोन वर्षं लटकवून ठेवायचं असेल तर मेसेज करू नका.