टर्म पॉलिसी संपली की हप्ते परत मिळतात? खुलासा

'टर्म पॉलिसीची मुदत संपली की सगळे हप्ते परत मिळतात, आधी फाइल चार्ज भरा' असा मेसेज फिरतोय. तो खोटा आहे. साध्या टर्म विम्यात मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला पैसे मिळतात, मुदतीनंतर काहीच मिळत नाही. हप्ते परत देणारी योजना वेगळी असते आणि तिचा हप्ताही जास्त असतो. कपाटातला पॉलिसीचा बॉण्ड (मूळ कागद) काढा, 'मॅच्युरिटी बेनिफिट'समोर, म्हणजे मुदत संपल्यावर मिळणाऱ्या रकमेसमोर, 'निल' (शून्य) दिसलं की विषय संपला. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, असे पैसे वाटत नाही. पैसे भरून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कर्ज फिटलंय, मुलं कमावती आहेत? मग माझ्या मते नवा विमा नकोच. कुणी अजून तुमच्यावर अवलंबून असेल, तर मात्र जुनी पॉलिसी चालू असतानाच नवी घ्या.